कनेक्टर बॉक्सला नीट कसा भिडवायचा? शिल्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात कंट्रोल बॉक्स आणि पॅनेल बनवणारी लहानमोठी वर्कशॉप भरपूर आहेत. माझंही काम तेच. बॉक्सला कनेक्टर बसवायचे, केबल तयार करायच्या, आणि मशीन विनाकारण ट्रिप होतंय असा फोन आला की जाऊन बघायचं. फोनवर, चहाच्या टपरीवर, पत्र्याच्या दुकानात जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: कनेक्टरची धातूची बॉडी बॉक्सच्या धातूला गोल सगळीकडून, मधे रंग न राहता भिडली आहे का? एवढं एक हुकलं की महागाची शिल्डेड केबल (आतल्या वायरींभोवती धातूची जाळी, म्हणजे शिल्ड, असलेली) साध्या वायरसारखी वागते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

आमचं अर्थिंग उत्तम आहे, खड्डा यंदाच नवा केला. तरी नॉइज का येतो?

खड्डा असतो जिवाच्या सुरक्षिततेसाठी. फेज बॉडीला लागली तर ब्रेकर उडावा, बॉडीवर धोक्याचं व्होल्टेज राहू नये, एवढं त्याचं काम. आयएस ३०४३ हे आपलं अर्थिंगचं मानक मुख्यतः त्याचाच विचार करतं. तिथला सगळा हिशेब ५० हर्ट्झचा आहे. नॉइज म्हणजे आजूबाजूच्या यंत्रांतून सिग्नलमध्ये घुसणारा नको तो विजेचा गोंधळ. त्याचा हिशेब मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि तिथे वायर म्हणजे नुसती वायर राहत नाही, कॉइल होते.

आकडे बघा. सरळ वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. बॉक्सपासून अर्थ पट्टीपर्यंत ३ मीटर हिरवी-पिवळी वायर धरली तर ३ मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला या इंडक्टन्सचा अडथळा जेमतेम १ मिलीओहम, म्हणजे नसल्यासारखाच. तीच वायर १० मेगाहर्ट्झला जवळजवळ १९० ओहम अडवते. मग खड्ड्यात मीठ-कोळसा कितीही घाला, नॉइज तिथवर पोचतच नाही.

बेळगावजवळ हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, त्यामुळे आपल्याकडे हे समजावणं सोपं जातं. आकाशात उडणाऱ्या विमानाला कुठला आलाय खड्डा? तरीही त्यातली शिल्डिंग चोख चालते. कारण तिथे प्रत्येक कनेक्टर आपल्या बॉक्सला आणि प्रत्येक बॉक्स विमानाच्या सांगाड्याला थेट धातूने जोडलेला असतो. यालाच बाँडिंग म्हणायचं. अर्थिंग वेगळं, बाँडिंग वेगळं, आणि दोन्ही लागतात. नॉइज घालवायच्या नादात कुणी अर्थ वायर काढून टाकली तर ती चूक जिवावर बेतू शकते. ती वायर कधीही काढू नका.

शिल्डची जाळी पिळून, लग मारून बॉक्सच्या बोल्टला लावली. एवढं पुरत नाही का?

आपल्याकडे सगळ्यात जास्त केली जाणारी पद्धत हीच, आणि सगळ्यात जास्त त्रासही हिचाच. पिळलेल्या जाळीला आम्ही शेपटी म्हणतो. ५ सेंटीमीटरची शेपटी म्हणजे अंदाजे ५० नॅनोहेन्री. १ मेगाहर्ट्झला ०.३ ओहम, १० मेगाहर्ट्झला ३ ओहम, १०० मेगाहर्ट्झला ३१ ओहम. जाळी स्वतः मीटरला काही मिलीओहमची, आणि तिच्या टोकाला आपणच एवढा अडथळा बांधून ठेवतो.

शेपटीचा दुसरा दोष याहून वाईट आहे. जास्त फ्रीक्वेन्सीचा करंट धातूच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जातो. तांब्यात १ मेगाहर्ट्झला ही कातडी ६६ मायक्रॉनची, १०० मेगाहर्ट्झला ७ मायक्रॉनहूनही पातळ. बाहेरून आलेला नॉइज जाळीच्या बाहेरच्या अंगाने येतो. तो तसाच बॉक्सच्या बाहेरच्या अंगावर पसरून निघून गेला पाहिजे. जाळी भोकातून आत घेऊन आतल्या बोल्टला बांधली की तो करंट आपण हाताने बॉक्सच्या आत आणून सोडतो, थेट कार्डांच्या (सर्किट बोर्डांच्या) शेजारी. खानापूरकडच्या पावसात छपराचं पाणी पन्हाळीने बाहेरच्या बाहेर काढायचं सोडून घरात घ्यावं आणि मोरीतून सोडावं, तसं हे होतं. मोरी कितीही मोठी असली तरी घर ओलं होणारच.

मग '३६० अंश' जोडणी म्हणजे नेमकं काय करायचं?

जाळी गोलच ठेवायची, पिळायची नाही, आणि तिच्या पूर्ण घेराला धातू लागू द्यायचा. पुढे तो धातू पूर्ण घेरात बॉक्सला लागला पाहिजे. पॅनेलमध्ये यासाठी शिल्डसाठीचा पितळी, निकेल प्लेटिंगचा ग्लँड (बॉक्सच्या भोकात केबल आवळून धरणारा भाग) मिळतो. त्याच्या आत स्प्रिंगच्या पाकळ्या असतात आणि त्या उघड्या केलेल्या जाळीला सगळीकडून धरतात. ग्लँडच्या जागी केबलचं वरचं आवरण फक्त पाकळ्यांपुरतं काढायचं. गोल कनेक्टरला मागे धातूची बॅकशेल येते; तिच्यावर जाळी पसरून पट्टीने आवळायची. दोन्ही नसेल तर बॉक्सच्या तोंडाशी, आत शिरल्या शिरल्या, उघड्या पत्र्यावर जाळी चपट्या क्लँपखाली दाबा. हा तिसरा मार्ग पहिल्या दोघांइतका चांगला नाही, पण शेपटीपेक्षा कितीतरी बरा.

प्लास्टिकचा काळा ग्लँड शिल्डेड केबलला वापरू नका. बॉक्समध्ये पाणी शिरणार नाही, नॉइज मात्र सरळ आत जाईल.

बॉक्स पावडर कोटिंगचा आहे. कोटिंग खरवडायचं का?

हो. पण खरवडण्याची वेळ आली म्हणजे काम उशिरा ध्यानात आलं. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि तो पक्का इन्सुलेटर आहे. कनेक्टरची फ्लँज (बॉक्सवर टेकणारी पसरट कड) त्यावर कितीही आवळा, धातू धातूला लागत नाही. जो काही संबंध येतो तो स्क्रूच्या आट्यांमधून.

माझाच एक अनुभव सांगतो. मच्छेच्या एका वर्कशॉपसाठी हायड्रॉलिक टेस्ट रिगचा बॉक्स मी जोडून दिला होता. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बंद असताना प्रेशरचं रीडिंग स्थिर. ड्राइव्ह सुरू झाला की आठ-दहा बार वर-खाली नाचायचं. आधी सेन्सर बदलला, मग केबल, मग दोन्ही टोकांना फेराइट (केबलवरचा नॉइज शोषणारी कडी) घातले. रीडिंग थोडं शांत झालं, पण पूर्ण नाही. शेवटी कनेक्टर काढून बघितला तर फ्लँजखालचा निळा रंग जसाच्या तसा, एक ओरखडासुद्धा नाही. चौकोनी फ्लँज, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, आणि शिल्डचा सगळा भार त्या चार आट्यांवर. दोन्हीकडचा रंग गोल खरवडला, पॉलिश पेपर मारला, स्पिरिटने पुसलं, परत आवळलं. रीडिंगचं नाचणं थांबलं. बॉक्स मीच जोडलेला, त्यामुळे तीन चकरांचा खर्च कुणाकडे मागायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून कोटिंगला बॉक्स जाण्याआधी मास्किंग बघितल्याशिवाय मी राहत नाही.

योग्य क्रम असा. भोकं पाडून झाली की कोटिंगला जाण्याआधी भोकाभोवती उष्णता सोसणारी टेप किंवा सिलिकॉनचा बूच लावून मास्किंग करायचं. बॉक्सच्या आतल्या बाजूला नटाच्या कडेपेक्षा ३-४ मिमी मोठा गोल उघडा ठेवायचा. बाहेरच्या बाजूला, ग्लँडखाली रबरी ओ-रिंग असेल तर, ओ-रिंग रंगावर बसू द्या. पाणी बाहेर ओ-रिंग अडवेल, धातूचा संबंध आत नट ठेवेल. फ्लँजचा कनेक्टर मात्र बाहेरून उघड्या धातूवरच बसला पाहिजे, आणि त्यासाठी उघडा भाग फ्लँजच्या कडेच्या किंचित आत ठेवायचा, म्हणजे उघडा पत्रा पावसाला दिसणार नाही.

आता उघडा पत्रा गंजणार, हा रास्त प्रश्न आहे. झिंकचा थर नसलेला साधा सीआरसी पत्रा गंजतोच. म्हणून जिथे कनेक्टर बसतात तेवढी प्लेट वेगळी करा: जीआय पत्र्याची, किंवा झिंक नाहीतर निकेल प्लेटिंग केलेली, आणि ती प्लेट रंगवूच नका. ही ग्लँड प्लेट बॉक्सला जिथे टेकते ती चौकटही दोन्हीकडून उघडी हवी. कनेक्टर प्लेटला छान भिडला आणि प्लेट रंगावर बसली, तर केलेलं सगळं फुकट.

कोटिंगवाल्याला हे सांगायचं कसं? दर वेळी रंग मारूनच येतो.

तोंडी सांगितलेलं टिकत नाही. आपल्या भागात एकाच कामावर मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं असतात. एकाला सांगितलं की दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काहीतरी वेगळंच होतं. ड्रॉइंगवर तो गोल तिरप्या रेघांनी भरा, व्यास लिहा, बाजूला 'दोन्ही बाजूंना रंग नको' किंवा 'फक्त आतून रंग नको' असं ठळक लिहा. रेघा सगळ्या भाषांत कळतात. पहिल्या बॉक्सला स्वतः टेप लावून द्या आणि तोच नमुना म्हणून तिथे ठेवायला सांगा. मास्किंगचे पैसे वेगळे लागतील; ते कोटेशनमध्ये आधीच धरा.

ॲल्युमिनियमचा ॲनोडाइझ केलेला बॉक्स आहे. धातूच दिसतो, मग चालेल ना?

नाही चालत. ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडचा जाड थर, आणि तो इन्सुलेटर आहे. इथे मल्टिमीटर फसवतो. प्रोबचं टोक जोरात दाबलं की ते थर फोडून आत जातं, बझर वाजतो, आणि आपण खूश होतो. प्रोब आडवा धरून हलक्या हाताने टेकवून बघा, बहुतेक वेळा बझर वाजणार नाही.

ॲल्युमिनियमला क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंग करून घ्यावं. एमआयएल-डीटीएल-५५४१ या मानकात त्याचे दोन वर्ग आहेत: १ए गंजापासून जास्तीत जास्त बचावासाठी, आणि वर्ग ३ जिथे विजेचा संबंध हवा तिथे. ऑर्डर देताना वर्ग ३ असं स्पष्ट लिहा. नुसतं 'क्रोमेट' लिहिलं की प्लेटिंगवाला त्याच्या सवयीचं करतो. बाकी बॉक्स ॲनोडाइझच हवा असेल तर कनेक्टरच्या जागा मास्क करून तेवढ्याच भागाला हे कोटिंग करता येतं. उघडं ॲल्युमिनियम तसंच सोडू नका. त्यावर हवेतच ऑक्साईड धरतो.

स्टार वॉशर घातला की रंग आपोआप फुटतो. मग मास्किंगची काय गरज?

स्टार वॉशर सहा-आठ ठिकाणी टोचतो. अर्थ वायरच्या लगखाली तो ठीकच आहे. शिल्डिंगला घेरभर संबंध लागतो. दोन टोचांच्या मधली फट म्हणजे एक चीर, आणि चिरेतून नॉइज जातो. शिवाय टोचलेल्या जागी रंग उचलला जाऊन तिथूनच गंज सुरू होतो. ग्लँडसाठी कापणाऱ्या दातांचे खास नट येतात. जुन्या रंगवलेल्या बॉक्सवर दुरुस्तीला गेलो की मी ते वापरतो. नव्या कामाला नाही.

चिरेचं एवढं काय? फट तर कागदाएवढी आहे.

फटीची रुंदी फारशी बघायची नसते, लांबी बघायची. १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३० सेंटीमीटर. फटीची लांबी तिच्या निम्मी, म्हणजे १५ सेंटीमीटर झाली की ती फट अँटेनासारखी वागते आणि त्या फ्रीक्वेन्सीला बॉक्स असून नसल्यासारखा. १५ मिलीमीटरची फट असेल तर ढोबळ हिशेबाने २० डेसिबल मिळतात, म्हणजे आत जाणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र दहावा भाग होतं. म्हणून झाकणाचे स्क्रू जवळ जवळ हवेत, किंवा मधे कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारी) गास्केट हवी. रंगावर चार स्क्रूंनी बसवलेल्या कनेक्टरला चारी बाजूंना अशा चार चिरा असतात. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की फ्लँज बघितल्याबरोबर चूक दिसायला लागते.

जोडणी चांगली झाली हे कसं ओळखायचं? किती ओहम यायला हवेत?

विमान आणि संरक्षण क्षेत्रात वापरलं जाणारं एमआयएल-एसटीडी-४६४ तीन आकडे देतं. उपकरणाच्या आतल्या एका सांध्याला २.५ मिलीओहम, बॉक्सपासून सांगाड्यापर्यंत सगळे सांधे मिळून १० मिलीओहम, आणि केबलच्या शिल्डपासून बॉक्सपर्यंत, कनेक्टर-बॅकशेल सगळं धरून, १५ मिलीओहम. आपल्या साखर कारखान्याच्या पॅनेलला हे मानक लागू नाही, पण ध्येय म्हणून मी हेच आकडे डोळ्यांपुढे ठेवतो. स्वच्छ घासलेल्या जोडणीला ते सहज मिळतात.

साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही. त्याच्या लीडाच ०.२ ते ०.५ ओहमच्या असतात. मिलीओहम मीटर नसेल तर बेंच सप्लाय घ्या. करंट लिमिट १ ॲम्पिअरवर ठेवा, एक टोक कनेक्टरच्या बॉडीला, दुसरं बॉक्सच्या उघड्या धातूला लावा. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच दोन भागांवर वेगळ्या जागी प्रोब टेकवा, सप्लायच्या क्लिपवर नाही. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलीओहम. २.५ मिलिव्होल्टच्या आत आलं की सांधा चांगला. मोजताना आत कार्ड जोडलेलं नको.

पण एक गोष्ट इथे कळकळीने सांगायची आहे. हा आकडा चांगला आला म्हणजे शिल्डिंग चांगली, असं होत नाही. १.५ स्क्वेअर मिमीच्या ५ सेंटीमीटर वायरचा रेझिस्टन्स ०.६ मिलीओहम आहे. म्हणजे मघाची ती शेपटी या परीक्षेत अव्वल पास होते, आणि १०० मेगाहर्ट्झला तिचे ३१ ओहम तसेच राहतात. मिलीओहम मीटर सांगतो की धातू धातूला लागला. घेरभर लागला की नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. कनेक्टर काढा आणि फ्लँजची खूण बघा. घासल्याची चमक गोल सगळीकडे दिसली पाहिजे.

शिल्ड एका टोकाला जोडायचं की दोन्ही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, वेगवेगळ्या रोगावर बोलत असतात एवढंच. ड्राइव्ह, वॉकी-टॉकी, डिजिटल सिग्नल यांच्या मेगाहर्ट्झच्या नॉइजला दोन्ही टोकं जोडावीच लागतात. मोकळं सोडलेलं टोक त्या फ्रीक्वेन्सीला अँटेना होतं. थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), लोड सेल (वजनाचा सेन्सर) अशा अगदी लहान आणि सावकाश सिग्नलला ५० हर्ट्झचा त्रास जास्त असतो. कारखान्याच्या दोन टोकांच्या अर्थमध्ये काही व्होल्टचा फरक असला तर दोन्ही टोकं जोडलेल्या शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहतो आणि वजनकाट्याचे आकडे हलतात. तिथे पॅनेलच्या टोकालाच जोडण्याची प्रथा आहे.

दोन्ही त्रास एकाच जागी असतील तर? गळीत हंगामात असं हमखास होतं, उसाच्या वजनकाट्याशेजारीच मोठे ड्राइव्ह असतात. एक उपाय म्हणजे दोन्ही टोकं जोडा आणि केबलच्या सोबत जाड अर्थ वायर किंवा सलग धातूचा केबल ट्रे न्या, म्हणजे ५० हर्ट्झचा करंट तिकडून जाईल. दुसरा उपाय: लांबचं टोक १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडा. ५० हर्ट्झला तो ३ लाख ओहमांच्या वर अडवतो, १० मेगाहर्ट्झला दीड-दोन ओहम. कपॅसिटरचे पाय मात्र अगदी आखूड ठेवा, नाहीतर तीही शेपटीच. मला पहिला उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

ड्राइव्हच्या मोटर केबलला वेगळं काही करावं लागतं का?

ड्राइव्ह स्विच होतो २ ते १६ किलोहर्ट्झला, म्हणून लोक समजतात की नॉइजही तेवढाच. खरा दोष व्होल्टेजच्या चढत्या कडेचा असतो. आयजीबीटीची (ड्राइव्हमधल्या वेगवान स्विचची) कड १०० नॅनोसेकंदाची असेल तर तिचा पसारा ३ मेगाहर्ट्झपर्यंत जोरदार आणि त्याच्या वरही पोचतो. म्हणून मोटर केबलचं शिल्ड दोन्ही टोकांना घेरभर जोडायचं. ड्राइव्हच्या टोकाला लोक करतात. मोटरच्या टोकाला कुणी बघत नाही. टर्मिनल बॉक्स बीडाचा, त्यावर कारखान्याचा जाड रंग, आणि वर दर दोन वर्षांनी मारलेला आणखी एक हात. ग्लँडची जागा तिथेही उघडी करा. शिल्ड जोडलं म्हणून आतली अर्थ वायर वगळायची नाही.

बसवलं तेव्हा ठीक होतं, दोन पावसाळ्यांनंतर त्रास परत आला. का?

सांध्यात गंज धरला. वेगवेगळे दोन धातू आणि मधे ओल, म्हणजे लहानशी बॅटरीच. धातूंना त्यांच्या ॲनोडिक इंडेक्सचे आकडे असतात, साधारण असे: चांदी ०.१५, निकेल ०.३०, कथील ०.६५, कॅडमियम ०.७, ॲल्युमिनियम ०.९, झिंक १.२५ व्होल्ट. जोडीतला फरक खराब हवेत ०.१५ आणि बऱ्या हवेत ०.२५ च्या आत ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. निकेलचा कनेक्टर ॲल्युमिनियमच्या बॉक्सवर म्हणजे फरक ०.६. कोरड्या खोलीत चालून जातं. कणकुंबी-जांबोटीकडे चार महिने भिंतीला ओल सुटत नाही, तिथे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. चांदी भरलेली गास्केट ॲल्युमिनियमवर त्याहून वाईट, त्यासाठी चांदी-ॲल्युमिनियमची भुकटी भरलेली गास्केट मिळते. कॅडमियम फरकाच्या दृष्टीने जवळ, पण विषारी. नव्या कामांत त्याच्या जागी झिंक-निकेल प्लेटिंग घेतात.

साखर कारखान्यात आणखी एक शत्रू असतो. रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, त्याचा सल्फर डायऑक्साईड हवेत थोडाफार असतोच, आणि ओलाव्यात तो आम्लासारखा वागतो. त्या विभागात झिंकचं प्लेटिंग लवकर जातं. तिथे निकेल प्लेटिंगचा ग्लँड आणि स्टेनलेसचा बॉक्स घ्या.

उपाय साधा आहे आणि तो पाळला तर पाच-पाच वर्षं सांधा उघडावा लागत नाही: आधी धातूला धातू आवळायचा, मग बाहेरून कडेने सीलंट फिरवायचा. उलट क्रमाने केलं तर सीलंट सांध्यात शिरतो आणि सगळं इन्सुलेट करतो. फौंड्रीत काम असेल तर मात्र उन्हाळ्यातही एकदा उघडून बघा. लोखंडाची बारीक धूळ ग्लँडभोवती साचते आणि ओल धरून ठेवते.

डी-सब, आरजे-४५, यूएसबी या छोट्या कनेक्टरचं काय?

डी-सबच्या बाजूचे दोन स्क्रू बाँडिंगसाठी पुरत नाहीत. त्याची पत्र्याची कड बॉक्सला टेकली पाहिजे, आणि केबलच्या बाजूच्या शेलला उठावाचे ठिपके असलेलेच घ्या. ते ठिपकेच समोरच्या शेलला धरतात. आरजे-४५ आणि यूएसबीचं शेल कार्डावर सोल्डर केलेलं असतं आणि बॉक्सच्या खिडकीत त्याच्या स्प्रिंगच्या पाकळ्या टेकायला हव्यात. पत्रावाल्याने खिडकी एक मिलीमीटर मोठी कापली की पाकळ्या हवेत राहतात. मग शिल्डचा करंट कार्डाच्या ग्राउंडवरून फिरतो. खिडकीच्या आतल्या कडेलाही रंग नको.

बॉक्स प्लास्टिकचा आहे. काही करता येईल?

सगळे कनेक्टर एकाच बाजूला घ्या, एका धातूच्या प्लेटवर बसवा, आणि कार्डाचा ग्राउंड त्या प्लेटला जवळच, रुंद पट्टीने जोडा. पट्टीची लांबी रुंदीच्या पाचपटीपेक्षा जास्त नको. आतून निकेलचा कंडक्टिव्ह रंग मारता येतो, पण तो प्लेटला टेकला नाही तर उपयोग नाही. जड नॉइजच्या जागी मी धातूचाच बॉक्स घ्या म्हणतो.

कनेक्टर नीट बसवला, तरी पॉवरच्या वायरवरून नॉइज आत येतो.

बाँडिंग शिल्डेड केबलला मदत करतं. शिल्ड नसलेली वायर भोकातून आत गेली की नॉइज तिच्यावर बसून आत जातो. तिथे फिल्टर लागतो, आणि तो बॉक्सच्या भिंतीवर, उघड्या धातूवर बसवायचा. रंगावर बसवलेल्या फिल्टरचे कपॅसिटर लोंबकळत राहतात.

टेस्टिंग लॅबला जाण्याआधी इथल्या इथे काय तपासता येईल?

आपल्याकडून लोक पुण्याला जातात, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत ईएमसीची (उपकरण किती नॉइज सोडतं आणि सोसतं ते तपासणारी) लॅब आहे, नाहीतर बेंगळुरू गाठतात. गाडीभाडं, मुक्काम, लॅबचे तासाचे पैसे, आणि नापास झालं तर परत सगळं. औद्योगिक उपकरणांसाठीच्या सिस्पर ११ या मानकात १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ वायरवरून जाणारा नॉइज आणि ३० मेगाहर्ट्झच्या वर हवेतून जाणारा मोजतात. दुसऱ्यात नापास होणाऱ्या बॉक्समध्ये दोष बहुतेक वेळा केबलच्या तोंडाशी सापडतो.

कोएक्स केबलच्या टोकाला रुपयाएवढी वेटोळी करून ती ऑसिलोस्कोपला लावा आणि कनेक्टरच्या कडेने फिरवा. जिथे सिग्नल उसळतो तिथे फट आहे. स्कोप नसेल तर जुना बॅटरीचा मीडियम वेव्ह रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी ठेवा आणि केबलजवळ न्या. ड्राइव्हची गुरगुर स्वच्छ ऐकू येते. मग कनेक्टर आणि बॉक्सच्या उघड्या धातूला मिळून तांब्याची टेप घट्ट गुंडाळा. गुरगुर कमी झाली तर दोष बाँडिंगचाच. टेपचा गोंद कंडक्टिव्ह आहे हे दुकानात विचारूनच घ्या. साध्या टेपचा गोंद इन्सुलेटर असतो आणि परीक्षा चुकीची ठरते.

लॅबला जाताना बॅगेत पॉलिश पेपर, स्पिरिट, ती टेप, दोन-तीन जास्तीचे ग्लँड, कापऱ्या दातांचे नट आणि केबलवर अडकवायची फेराइट असू द्या. निघण्याआधी बॉक्सच्या प्रत्येक कनेक्टरला नंबर द्या आणि त्याचा मिलीओहमचा आकडा कागदावर लिहून घ्या. स्क्रीनवर रेघ मर्यादेच्या वर गेली की सगळ्यात मोठा आकडा असलेल्या कनेक्टरवर आधी टेप लावा.